खुबा बदलल्यानंतरचे पहिले दिवस : दुखणं गपचूप सहन करणं महागात का पडतं?

आजीच्या चष्म्याच्या डबीत चार गोळ्या सापडल्या.

ऑपरेशनचा तिसरा दिवस होता. बाथरूममध्ये पाय घसरून आजीचा खुबा मोडला होता. वय ७४, पण पडेपर्यंत रोज भाजी आणायला स्वतः जायची. डॉक्टर म्हणाले, हिंडत्या-फिरत्या आहेत, पूर्ण सांधाच बदलू. ऑपरेशन व्यवस्थित झालं. पहिल्या दिवशी आजी मस्त गप्पा मारत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन आले, तर आजी म्हणाली, "आज नको, उद्या बघू." संध्याकाळी जेवली नाही. रात्रभर छताकडे बघत पडून होती. आम्ही दर तासाला विचारत होतो, "आजी, दुखतंय का गं?" उत्तर एकच : "नाही गं बाळा, ठीक आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला चष्मा द्यायला मी डबी उघडली आणि गोळ्या दिसल्या. सिस्टर गोळी हातात द्यायच्या, आजी "घेते हं पाण्याबरोबर" म्हणायची आणि त्या वळल्या की गोळी डबीत.

डॉक्टर रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि विचारलं, "आजी, गोळी का नाही घेतली?"

आजी म्हणाली, "आमच्या शेजारच्या वहिनी डायलिसिसवर गेल्या. दुखण्याच्या गोळ्या खाऊन खाऊन. मला नाही जायचं. दुखणं काय, सहन करेन मी."

आपल्या घरांत हे वाक्य नवीन नाही. बाळंतपणापासून दाढदुखीपर्यंत सगळं सहन केलेल्या पिढीला गोळी मागणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं. पण खुबा बदलण्याच्या ऑपरेशननंतर हिशोब उलटा असतो. इथे दुखणं आटोक्यात असेल तर माणूस उठतो, आणि उठला तरच बरा होतो. ते कसं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत पेशंटने आणि घरच्यांनी नेमकं काय करायचं, ते समजून घेऊ.

खुबा बदलतात म्हणजे नेमकं काय करतात?

मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं. तो चेंडू कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. हाच आपला खुब्याचा सांधा. चालणं, बसणं, जिना चढणं, सगळं याच्या जिवावर.

म्हातारपणी सांधा झिजतो, पडल्यामुळे हाड मोडतं, संधिवाताने सांधा खराब होतो. काही जणांत चेंडूचा रक्तपुरवठा बंद होतो आणि हाड आतून मरायला लागतं. याला एव्हीएन म्हणतात. जास्त दिवस घेतलेली स्टेरॉइड्स आणि अति दारू ही याची मोठी कारणं. त्यामुळे हे ऑपरेशन फक्त आजी-आजोबांचं असतं असं समजू नका. तिशी-चाळिशीतले पेशंटही खूप असतात.

ऑपरेशनमध्ये खराब चेंडू कापून काढतात, वाटी आतून घासून घेतात आणि दोन्हीकडे कृत्रिम भाग बसवतात. आज आपण जे ऑपरेशन ओळखतो, त्याचा पाया इंग्लंडमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलचे सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास घातला. २००७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाने तर याला 'शतकातलं ऑपरेशन' म्हटलं. वर्षानुवर्षं लंगडणारी माणसं यानंतर बिनवेदनेची चालायला लागतात, म्हणून.

पण 'बिनवेदनेची' ही गोष्ट काही महिन्यांनंतरची. आधी पहिले दिवस काढायचे असतात.

सांधा नवा आहे, मग दुखतं काय?

नवा सांधा दुखत नाही. धातू, प्लास्टिक किंवा सिरॅमिकला संवेदना नसते. दुखते ती आजूबाजूची जखम. सांध्यापर्यंत पोचण्यासाठी कातडी कापलेली असते, स्नायू बाजूला ओढलेले किंवा थोडे सोडवलेले असतात, हाड कापलेलं असतं.

जखम झाली की तिथे प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं तयार होतात. त्यामुळे सूज येते आणि तिथल्या नसा जास्त संवेदनशील होतात. एरवी ज्या स्पर्शाने काही वाटलं नसतं, तोही टोचतो. हे शरीराचं दुरुस्तीचं काम चालू असल्याचं लक्षण आहे.

बऱ्याच पेशंटना एक फरक लगेच कळतो. झिजलेल्या सांध्याची ती जुनी, खोलवरची, जांघेत येणारी कळ गेलेली असते. त्या जागी मांडीच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर ताण, ठणका, जडपणा असतो. जुनं दुखणं दिवसेंदिवस वाढत होतं. नवं दुखणं दिवसेंदिवस कमी होणार असतं.

आणखी एक. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या कहाण्या ऐकून घाबरू नका. गुडघा बदलल्यावर तो वाकवण्याचे व्यायाम करावे लागतात आणि ते बरेच दिवस दुखतात. खुब्याच्या बाबतीत पहिल्या आठवड्यांचा त्रास बहुतेकांना त्यापेक्षा कमी होतो. इथे मुख्य व्यायाम म्हणजे चालणं.

पहिला दिवस फसवा असतो

आजी पहिल्या दिवशी गप्पा मारत होती, कारण तिचं दुखणं तेव्हा झोपलेलं होतं.

हे ऑपरेशन बऱ्याचदा पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन करतात. कमरेखालचा भाग काही तास बधिर असतो. कधी त्या इंजेक्शनमध्ये मॉर्फिनचा छोटा डोसही घालतात, त्याचा असर आणखी टिकतो. शिवाय टाके घालण्याआधी सर्जन सांध्याभोवतीच भूल देणारं औषध टोचतात किंवा भूलतज्ज्ञ नसेजवळ इंजेक्शन देऊन तिथला संदेश अडवतात, ज्याला नर्व्ह ब्लॉक म्हणतात.

ही सगळी औषधं काही तासांपासून साधारण दिवसभरापर्यंत टिकतात. मग उतरतात. पेशंटला वाटतं, "काल बरं होतं, आज अचानक काय बिघडलं?" बिघडलेलं काही नसतं. भूल उतरलेली असते.

म्हणून पहिल्या दिवशी "मला काही दुखत नाही, गोळी नको" म्हणणं ही चूक ठरते. भूल उतरायच्या आधीच पोटात गोळी गेलेली असली पाहिजे. साधारणपणे पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड असतात. त्यानंतर उतार सुरू होतो, पण तो सरळ नसतो. एक दिवस बरा, एक दिवस वाईट, असं चालतं.

एका दुखण्याला इतक्या प्रकारच्या गोळ्या का?

डिस्चार्ज कार्डावर तीन-चार गोळ्यांची नावं बघून घरचे हबकतात. पण त्यामागे विचार आहे. दुखण्याचा संदेश जखमेतून निघतो, नसेतून जातो, मणक्यातून वर चढतो आणि मेंदूत पोचतो. वेगवेगळी औषधं या रस्त्यावर वेगवेगळ्या ठिकाणी अडवतात. एकाच औषधाचा मोठा डोस देण्यापेक्षा दोन-तीन औषधांचे छोटे डोस दिले तर दुखणं जास्त कमी होतं आणि दुष्परिणाम कमी राहतात.

पॅरासिटामॉल : उपचाराचा पाया. आपण तापाला घेतो तेच. साधं वाटतं म्हणून लोक हेच आधी बंद करतात, पण नियमित घेतलं तर बाकी जोरदार गोळ्या कमी लागतात.

सूज कमी करणाऱ्या गोळ्या : डायक्लोफिनॅक, इटोरीकॉक्सिब, सेलेकॉक्सिब या गटातल्या. या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतात. परिणाम चांगला, पण किडनी, पोट आणि हृदयाचा त्रास असलेल्यांना जपून देतात किंवा देतच नाहीत.

अफूवर्गीय औषधं : ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, मॉर्फिन वगैरे. ही मेंदू आणि मणक्यात काम करतात. जोरदार असतात, म्हणून कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस.

आजीच्या डबीतल्या चार गोळ्या कुठल्या होत्या माहितीये? पॅरासिटामॉल.

पण किडनीचं काय?

आजीची भीती खोटी नव्हती, हे आधी सांगायला हवं. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून महिनोन्महिने, वर्षानुवर्षं खाल्ल्या तर किडनीला इजा होऊ शकते. मधुमेह, ब्लड प्रेशर, वाढलेलं वय असेल तर धोका आणखी वाढतो.

डॉक्टरांनी आजीला हेच समजावलं. शेजारच्या वहिनी गोळ्या वर्षानुवर्षं, कुणी न तपासता घेत होत्या. आजीच्या गोळ्या मोजक्या दिवसांच्या होत्या, ऑपरेशनआधी रक्त तपासून क्रिएटिनिन बघितलेलं होतं आणि तिचं वय पाहून सूज कमी करणारी गोळी मुळात दिलेलीच नव्हती.

पॅरासिटामॉलचा धोका वेगळा आहे. ठरलेल्या डोसमध्ये ते बहुतेकांना सुरक्षित असतं, पण डोस ओलांडला तर यकृताला इजा होते. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. वजन कमी असेल, यकृताचा आजार असेल, दारूचं प्रमाण जास्त असेल तर मर्यादा त्याहून खाली येते. गंमत अशी की सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आणि ट्रामाडॉलच्या काही गोळ्यांतही पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं. त्यामुळे नकळत दुप्पट डोस जाऊ शकतो. पाकिटाच्या मागे घटक वाचा, किंवा केमिस्टला थेट विचारा, "यात पॅरासिटामॉल आहे का?"

म्हणून हे तीन नियम पाळा. एक, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांत स्वतःची कुठलीही वेदनाशामक गोळी मिसळू नका. घरात पूर्वीची उरलेली असेल तरीही नाही. ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायचं औषध चालू असतं, आणि त्यात चुकीची गोळी पडली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दोन, किडनी, अल्सर, हृदयविकार, दमा, फिट्स आणि चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना आधीच सांगा. डिप्रेशनच्या गोळ्या लपवू नका, कारण त्यातल्या काही ट्रामाडॉलबरोबर चालत नाहीत. तीन, गोळी नको असेल तर ती का नको ते बोला. डबीत टाकू नका.

सवय लागेल का?

ही भीती मुख्यतः अफूवर्गीय गोळ्यांबद्दल असते, आणि तीही निराधार नाही. भारतात ट्रामाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं ते गैरवापरामुळेच. पण ऑपरेशनच्या जखमेसाठी, सांगितलेल्या डोसमध्ये, थोडे दिवस घेणं आणि त्याचं व्यसन लागणं यात फरक आहे. गोळ्या कमी करताना आधी हीच बंद करायची असते. दुखणं कमी झालं तरी "झोप छान लागते" म्हणून ती चालू ठेवू नका आणि उरलेल्या गोळ्या घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका.

या गोळ्यांनी गुंगी, चक्कर, मळमळ येऊ शकते. पहिल्या दिवसांत रात्री एकटं उठून बाथरूमला जाऊ नका. पडणं हा नव्या सांध्याचा सगळ्यात मोठा शत्रू. पेशंट हाक मारून नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटत असेल तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना कळवा.

आणि एक गोष्ट, जी कुणी उघड बोलत नाही : बद्धकोष्ठता. अफूवर्गीय गोळ्या, कमी हालचाल आणि कमी पाणी, तिन्हीमुळे पोट साफ होत नाही. कुंथताना जखमेवर ताण येतो. त्या त्रासापायी लोक सगळ्याच गोळ्या सोडून देतात. तसं न करता पोट साफ होण्याचं औषध सुरुवातीलाच मागा, पाणी, ताक, पपई, पालेभाजी वाढवा.

'दुखलं की घेईन' हे गणित का चुकतं?

दुखणं एकदा डोक्यापर्यंत चढलं की त्याला खाली आणायला जास्त औषध लागतं. गोळी पोटात गेल्यावर असर सुरू व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्या वेळात स्नायू आखडतात, माणूस घाबरतो, आणि घाबरल्यावर आणखी दुखतं.

म्हणून पहिल्या काही दिवसांत घड्याळ बघून गोळी घ्यायची. कार्डावर 'दिवसातून तीन वेळा' लिहिलेलं असेल तर दुखो न दुखो, तीन वेळा. 'एसओएस' लिहिलेली गोळी मात्र जास्त दुखलं तरच. हा फरक डिस्चार्जच्या वेळी सिस्टरकडून समजून घ्या आणि मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवा. आम्ही व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर 'आजी ८ ची झाली' असा मेसेज टाकायचो. त्यामुळे मामाने दिली की आईने, हा घोळ झाला नाही.

व्यायामाची वेळ ठरलेली असेल तर गोळी त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी बसेल असं डॉक्टरांना विचारून जमवा.

सहन केलं तर काय बिघडतं?

आजीने काय केलं आठवा. दुखतंय म्हणून ती उठली नाही. इथूनच साखळी सुरू होते.

पाय हलला नाही की शिरांमधलं रक्त साचतं आणि गुठळी होऊ शकते. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर हा धोका एरवीपेक्षा जास्त असतो, म्हणूनच रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं किंवा गोळ्या देतात, बऱ्याचदा महिनाभराच्या आसपास. त्या मध्येच सोडायच्या नाहीत.

दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो. झोप होत नाही, भूक जाते. म्हाताऱ्या माणसांत आटोक्यात नसलेलं दुखणं आणि जागरण यामुळे भ्रम होऊ शकतो : रात्री असंबद्ध बोलणं, माणसं न ओळखणं. जास्त गुंगीच्या औषधानेही हेच होऊ शकतं, म्हणून दोन्हीकडचा तोल डॉक्टरांना सांभाळावा लागतो. आणि आपण खरं सांगितलं तरच तो सांभाळता येतो.

शिवाय झोपून राहिलं की मांडीचे स्नायू झपाट्याने कमजोर होतात. म्हणजे पुढच्या वेळी उठणं आणखी अवघड, आणखी दुखरं.

गोळीशिवाय काय करता येतं?

बरंच काही. आणि यातलं बहुतेक फुकट आहे.

बर्फ : आईसपॅक किंवा फ्रिजमधल्या बर्फाची पिशवी पंचात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर ठेवू नका, ड्रेसिंग ओलं होऊ देऊ नका. चालून आल्यावर ठेवला तर जास्त बरं वाटतं.

पंजे हलवणं : पडल्या पडल्या पावलं वर-खाली करायची, तासाला दहा-वीस वेळा. पोटरीचा पंप चालू राहतो आणि रक्त साचत नाही.

थोडं थोडं चालणं : एकदम अर्धा तास नाही. दर एक-दोन तासांनी पाच मिनिटं. आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. संध्याकाळी जास्त दुखलं आणि सकाळपर्यंत उतरलं नाही, तर काल जास्त झालं असं समजा आणि आज थोडं कमी करा. बंद मात्र करू नका.

झोपताना : पाठीवर, दोन पायांच्या मध्ये उशी. कुशीवर कधी झोपायचं ते तुमच्या सर्जनला विचारा.

बसताना : खुर्ची उंच, हात टेकायला असलेली. खोल सोफ्यात बसू नका. ऑपरेशन मागच्या बाजूने केलं असेल तर कंबर ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं काही आठवडे टाळायला सांगतात, कारण चेंडू वाटीतून निसटू शकतो. म्हणजे जमिनीवर मांडी घालून जेवण नाही, उकिडवं बसणं नाही, भारतीय संडास नाही. कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. देवपूजा खुर्चीत बसून केली तर देव रागावत नाही, हे आजीला पटवायला आम्हाला दोन दिवस लागले.

श्वास : उठण्याआधी नाकाने सावकाश श्वास घ्या, उठताना तोंडाने सोडा. श्वास रोखून उठलं की स्नायू आखडतात.

आता काय करू नका ते. गरम पिशवीने शेकू नका, सुरुवातीच्या दिवसांत त्याने सूज वाढते. आणि तेल लावून मालीश तर अजिबात नको. घरी भेटायला येणारं कुणीतरी "पोटरी दाबून देते, बरं वाटेल" म्हणतंच. पोटरीत गुठळी असेल तर दाबल्याने ती सुटू शकते. त्यांना चहा द्या, पोटरी देऊ नका.

घरी आल्यावर पाय सुजला, काळा-निळा झाला

घाबरवणारं दृश्य, पण बहुतेक वेळा अपेक्षित. आत साचलेलं रक्त आणि पाणी वजनाने खाली उतरतं. त्यामुळे जखम वर असली तरी निळेपणा गुडघ्यापर्यंत, कधी घोट्यापर्यंत दिसतो. दिवसभर चाललं की सूज वाढते, आडवं पडून पाय उंच ठेवला की कमी होते. हॉस्पिटलमध्ये बरं वाटत होतं आणि घरी आल्यावर जास्त दुखतंय, असंही होतं. घरी हालचाल वाढते आणि इंजेक्शनं बंद झालेली असतात, म्हणून.

रात्र सगळ्यात अवघड जाते. दिवसा माणसं असतात, टीव्ही असतो. रात्री फक्त दुखणं असतं. झोपायच्या वेळी एक डोस बसेल का, हे डॉक्टरांना विचारा.

लगेच फोन कधी करायचा?

- पोटरीत एकाच जागी दुखणं, लाली, गरमपणा किंवा झोपूनही न उतरणारी सूज
- अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त येणं. यात फोन नाही, थेट हॉस्पिटल
- कट्‌कन आवाज होऊन खुब्यात अचानक असह्य कळ, पाय आखूड दिसणं, वळलेला दिसणं, वजन टाकता न येणं
- ताप, थंडी, जखमेतून पू किंवा सतत पाणी येणं, वाढत जाणारी लाली
- काळी शी, रक्ताची उलटी, लघवी फारच कमी होणं
- नेमाने गोळ्या घेऊनही दुखणं दिवसेंदिवस वाढत जाणं

शेवटचा मुद्दा लोक विसरतात. दुखणं गोळ्यांनी दाबलं तर काही बिघडल्याचं कळणार नाही, असं वाटतं. उलट, नेमाने गोळ्या चालू असताना दुखणं वाढलं तर तेच मोठं लक्षण असतं. डबीत गोळ्या साठवल्या तर दुखणं जखमेचं आहे, जंतुसंसर्गाचं आहे की फक्त गोळी न घेतल्याचं, हे डॉक्टरांना कळणार कसं?

'दुखतंय का?' हा प्रश्न बदला

आमचं चुकलं ते इथे. "दुखतंय का?" याला आपल्या घरातल्या मोठ्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं : "नाही." त्यांना आपल्याला काळजीत टाकायचं नसतं.

डॉक्टरांनी आजीला वेगळं विचारलं. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे आयुष्यात सगळ्यात जास्त दुखलं तेव्हा. आत्ता पडल्या पडल्या किती?" आजी म्हणाली, "चार." "आणि कूस बदलताना?" आजी गप्प बसली. मग म्हणाली, "नऊ."

आम्ही दोन दिवस तिच्या उशाशी बसून होतो आणि हा नऊ आम्हाला माहीत नव्हता.

पडून असताना किती दुखतं यापेक्षा हलताना किती दुखतं हे महत्त्वाचं. शून्य कुणीच मागत नाही. श्वास घेता यावा, खोकता यावं, वॉकर धरून उभं राहता यावं, झोप लागावी, इतकं दुखणं कमी असलं की पुरे. तेवढं होत नसेल तर औषध बदलायची, डोस बदलायची सोय असते. पण त्यासाठी आकडा सांगावा लागतो. घरच्यांनी विचारताना असं विचारा : उठताना किती? खोकताना किती? रात्री कितीदा जाग आली? आणि तो आकडा वहीत लिहा.

त्या दिवशी आजीने गोळी सिस्टरसमोर घेतली. पाऊण तासाने फिजिओथेरपिस्ट आले. आजी वॉकर धरून उभी राहिली, दोन पावलं टाकली, मग खाटेपासून दारापर्यंत गेली. दारात थांबून म्हणाली, "आता सहा."

आजही फोन केला की ती "ठीक आहे" म्हणत नाही. आकडा सांगते. तुमच्या घरी कुणाचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं असेल, तर ही एकच गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवा : दुखणं सांगणं म्हणजे तक्रार करणं नव्हे. आणि एकदा चष्म्याची डबीही उघडून बघा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध, डोस आणि हालचालींची बंधनं प्रत्येक पेशंटसाठी वेगळी असतात. ती तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)